घरातला जुना कॉम्प्युटर भंगारात देताय? आधी हे वाचा

एमएस-सीआयटी कोर्स २००१ मध्ये सुरू झाला आणि त्यानंतरच्या दहा-बारा वर्षांत गावाकडच्या कितीतरी घरांत ‘पोरांच्या शिक्षणासाठी’ म्हणून कॉम्प्युटर आला. पुढे स्मार्टफोन आले आणि त्या कॉम्प्युटरवर टेबलक्लॉथ पडला. आमच्या वळसंगच्या घरीही असाच एक डेस्कटॉप होता: सेकंड जनरेशन कोअर आय-थ्री, ४ जीबी रॅम, ५०० जीबी हार्ड डिस्क आणि विंडोज ७. काका म्हणाले, “अरे, भंगारवाला आला की देऊन टाकू.” पण बारावीतली चुलत बहीण सीईटीचा फॉर्म मोबाईलच्या पाच इंची स्क्रीनवर भरत होती आणि पीडीएफ अपलोड करताना रडकुंडीला आली होती. म्हटलं, एकदा उघडून तर बघू.

आधी बिघाड खरा आहे का ते पाहा

दोन वर्षांपूर्वी एका दुकानदाराने या मशीनचा ‘बोर्ड गेलाय’ असं सांगितलं होतं. बोर्डला काहीही झालं नव्हतं. मदरबोर्डवर नाण्यासारखा एक सेल असतो, सीआर२०३२ नावाचा. लाईट नसताना घड्याळ चालू ठेवणं हे त्याचं काम. तो संपला की प्रत्येक वेळी तारीख मागे जाते. आता गंमत बघा: वेबसाईटच्या सुरक्षा सर्टिफिकेटवर ‘या तारखेपासून या तारखेपर्यंत वैध’ असं लिहिलेलं असतं. कॉम्प्युटरला वाटतं आपण २०११ मध्ये आहोत, त्यामुळे त्याच्या हिशोबाने ते सर्टिफिकेट अजून सुरूच झालेलं नाही, आणि ब्राउझर प्रत्येक साईटवर ‘कनेक्शन सुरक्षित नाही’ म्हणून अडून बसतो. आपण म्हणतो, नेट चालत नाही. घड्याळाच्या दुकानातही हा सेल मिळतो.

चालू करताच नुसती बीप-बीप येत असेल तर प्लग काढा, कॅबिनेटच्या लोखंडाला हात लावून अंगातली स्टॅटिक वीज उतरवा, रॅमची पट्टी काढून तिचे सोनेरी टोक खोडरबरने हलकेच पुसा आणि ‘टक’ आवाज येईपर्यंत परत बसवा. प्रोसेसरच्या पंख्याखालची धूळ ब्रशने काढा. सोलापूरच्या मे महिन्यात धुळीने भरलेलं मशीन दहा मिनिटांत तापून बंद पडतं, यात नवल नाही.

एसएसडी की रॅम?

पैसे एकाच गोष्टीवर घालायचे असतील तर एसएसडीवर घाला, यावर माझं ठाम मत आहे. जुन्या हार्ड डिस्कमध्ये तबकडी फिरते आणि सुई जागा शोधत बसते. सिस्टीम चालू होताना हजारो छोट्या फाईल वाचाव्या लागतात, तिथेच सगळा वेळ जातो. एसएसडीत फिरणारं काही नसतंच. जुन्या साटा केबलवर २.५ इंची एसएसडी थेट लागते, २४०-२५६ जीबी पुरे. रॅम ४ जीबी असेल तर आधी तशीच वापरून बघा. वाढवायचीच असेल तर डीडीआर३ का डीडीआर४ हे जुन्या पट्टीवर वाचून मगच घ्या, एकाची दुसऱ्यात बसत नाही.

कोणती सिस्टीम टाकायची?

विंडोज ७ चा सपोर्ट १४ जानेवारी २०२० ला संपला, क्रोमनेही १०९ व्या आवृत्तीनंतर त्याला सोडलं. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. घरगुती वापरासाठी नोंदणी केली तर सुरक्षा अपडेट १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत मिळतात, एवढंच. विंडोज ११ ला टीपीएम २.० लागतं आणि इंटेलचा साधारण आठव्या जनरेशनपासूनचाच प्रोसेसर चालतो. म्हणजे आपलं मशीन बाद.

मी लिनक्स मिंटची एक्सएफसीई आवृत्ती टाकली. ती फुकट आहे, २ जीबी रॅमवर उभी राहते, ४ वर नीट चालते, आणि मिंट २२ ला २०२९ पर्यंत अपडेट आहेत. पण दुकानात टॅली वापरत असाल तर या वाटेला जाऊ नका, ते विंडोजवरच ठेवा.

पेन ड्राईव्ह बनवायला दुसरा कॉम्प्युटर नाही? फोन आहे ना. मिंटची साधारण ३ जीबीची आयएसओ फाईल फोनवर उतरवा, ओटीजीने ८ जीबीचा पेन ड्राईव्ह जोडा आणि एचड्रॉइड नावाच्या ॲपने ती त्यावर लिहा. पेन ड्राईव्हवरचं आधीचं सगळं जाईल, हे लक्षात ठेवा. मग मशीन चालू करताना एफ१२ किंवा डिलीट दाबून पेन ड्राईव्ह निवडा. मिंट आधी पेन ड्राईव्हवरूनच चालतं, हार्ड डिस्कला हात लावत नाही. आवाज, स्क्रीन, प्रिंटर सगळं तपासा, पटलं तरच इन्स्टॉल करा.

थांबा, फॉन्ट कॉपी केले का?

इथे मी चुकलो होतो. फोटो आणि डॉक्युमेंट्स बाहेर काढले, डिस्क पुसली, आणि नंतर काकांनी टाईप केलेली दहा वर्षांची हिशोबाची, पत्रांची फाईल उघडली तर सगळी इंग्रजी अक्षरांची खिचडी. ती युनिकोडमध्ये नव्हती. जुन्या मराठी फॉन्टमध्ये (श्रीलिपी, किरण, शिवाजी वगैरे) आत इंग्रजी अक्षरंच असतात, फक्त फॉन्ट त्यांना मराठी चेहरा देतो. तो फॉन्ट नसला की चेहरा गेला. नशिबाने काकांच्या एका मित्राकडे तोच फॉन्ट निघाला. तुम्ही मात्र विंडोजमधलं ‘फॉन्ट्स’ फोल्डर आधीच कॉपी करून ठेवा.

नवीन टाईप करायचं ते युनिकोडमध्येच करा. मिंटच्या कीबोर्ड सेटिंगमध्ये मराठीचे इनस्क्रिप्ट आणि कगप फोनेटिक असे पर्याय आहेत.

फोनशी जोडणी

जुन्या डेस्कटॉपला वायफाय नसतं. डोंगल विकत घेण्याआधी चार्जिंगची केबल लावा आणि फोनच्या हॉटस्पॉट सेटिंगमध्ये ‘यूएसबी टेदरिंग’ चालू करा. मोबाईल डेटाच नाही, बहुतेक फोनमधून घरचं वायफायही या केबलने कॉम्प्युटरला मिळतं. दोन्ही एकाच नेटवर्कवर असतील तर फाईल पाठवायला लोकलसेंड वापरा, त्यात इंटरनेट डेटा जात नाही. बहिणीला सगळ्यात आवडलं ते स्कॅनिंग: दाखला फोनवर स्कॅन, लोकलसेंडने इकडे, मोठ्या स्क्रीनवर साईझ कमी करून अपलोड.

जुन्या पीसीचा घरगुती सर्व्हर बनवा, असं सांगणारे बरेच भेटतील. मी नाही सांगणार. साधारण ७० वॅटचं मशीन २४ तास चालवलं तर दिवसाला १.६८ म्हणजे महिन्याला ५० युनिट होतात. ५ वॅटच्या रास्पबेरी पायला महिन्याला ३.६ युनिट पुरतात. शिवाय लाईट अचानक गेली की चालत्या हार्ड डिस्कला झटका बसतो. सर्व्हरची हौसच असेल तर बॅटरी धरणारा जुना लॅपटॉप घ्या, निदान यूपीएस तरी वेगळा लागत नाही.

आणि खरंच मेलेलं मशीन असेल तर ते ई-कचरा घेणाऱ्या अधिकृत केंद्रालाच द्या. देण्याआधी हार्ड डिस्क काढून घरी ठेवा किंवा पूर्ण पुसा. नुसतं फॉरमॅट केलेल्या डिस्कमधून आधार कार्डाचे फोटो परत काढता येतात. क्विक फॉरमॅटमध्ये फक्त अनुक्रमणिका जाते, पानं तिथेच राहतात.