रात्री दोनची शाळा

दिवाळीच्या तोंडावर सहामाहीचे पेपर तपासत बसलो होतो. आत चकल्यांचा घाणा चालला होता आणि 'झाले का हो तुमचे?' अशी हाक अधूनमधून येत होती. इतिहासाच्या पेपरात मी एक प्रश्न घातला होता : डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना घडविणाऱ्या दोन व्यक्तींची माहिती लिहा. बहुतेकांनी सयाजीराव महाराज लिहिले होते. काहींनी केळुसकर गुरुजी लिहिले. एका हुशार मुलीने तर कोलंबिया विद्यापीठातील प्राध्यापक सेलिग्मन यांचे नाव बिनचूक लिहिले. उत्तरे बरोबर होती, गुणही मी हात न आखडता दिले. पण गठ्ठा संपला तरी ज्या नावाची मी वाट पाहत होतो, ते काही आले नाही. सुभेदार रामजी मालोजी सकपाळ. मुलांना वाटले असेल, बाप काय, तो असायचाच. त्याचे गुण कोण देणार?

मी मास्तर आहे म्हणून मला हे जास्त लागले असेल. कारण रामजी हे नुसते वडील नव्हते. ते पेशाने शिक्षक होते, मुख्याध्यापक होते, आणि त्यांची ही मास्तरकी त्यांच्या सुभेदारीखाली पार झाकून गेली आहे.

मंडणगड तालुक्यातील आंबडवे हे त्यांचे मूळ गाव. वडील मालोजी हेही पलटणीतलेच. त्या काळच्या हिंदी पलटणींत एक पद्धत होती. शिपायाने शिकलेच पाहिजे, आणि त्याच्या मुलांनीही. मुलगे असोत की मुली. गावच्या शाळेच्या पायरीलाही ज्यांची सावली चालत नसे, त्यांच्या लेकी छावणीत धुळाक्षरे गिरवीत होत्या. सरकारने हे भूतदयेने केले असे मी म्हणत नाही. हुकूम वाचता येणारा शिपाई पलटणीला हवा होता. पण अक्षर एकदा डोळ्यांत शिरले की ते हुकुमापुरते राहत नाही, हे सरकारच्या ध्यानी आले नसावे.

या छावणीच्या शाळांना शिक्षक लागत. ते तयार करण्यासाठी पुण्यास लष्कराचे नॉर्मल स्कूल होते. रामजी तेथे शिकले, शिक्षक झाले आणि पुढे चौदा वर्षे त्यांनी पलटणीच्या शाळेत मुख्याध्यापकी केली. चौदा वर्षे! वाचकहो, एवढ्या काळात एका मास्तराच्या हाताखालून किती पोरे जातात, याचा हिशेब मी माझ्यापुरता करून पाहिला आहे. तो सांगत बसत नाही. महू येथील छावणीत १४ एप्रिल १८९१ रोजी त्यांना चौदावे अपत्य झाले, तेव्हा ते सुभेदार-मेजर होते. त्या चौदांपैकी जगली ती बळाराम, आनंदराव आणि भीम हे मुलगे व मंजुळा आणि तुळसा या मुली. भीमाला घरात भिवा म्हणत.

१८९२ च्या सुमारास महारांची सैन्यभरती बंद झाली. अमुक जाती लढवय्या आणि तमुक जाती नव्हेत, असे शास्त्र लॉर्ड रॉबर्ट्ससारख्या सेनापतींच्या डोक्यात बसले होते. पिढ्यान्‌पिढ्या रक्त सांडलेल्या लोकांना ते ऐकावे लागले. या बंदीची हकिकत सांगताना बहुधा नोकऱ्या गेल्या एवढेच सांगतात. मला वाटते, नोकरीबरोबर शाळा गेली हे त्याहून मोठे नुकसान. भरतीच नाही तर पलटणीची शाळा कोठून असणार? रामजींनी न्यायमूर्ती रानड्यांचे साहाय्य घेऊन सरकारकडे दाद मागण्याची खटपट केली. तिचा उपयोग झाला नाही. लवकरच ते पेन्शनीत निघाले आणि दापोलीस येऊन राहिले.

या कॅम्प दापोलीत तेव्हा पेन्शनर शिपायांची वस्ती होती. गोपाळबुवा वलंगकर हेही पलटणीतून निवृत्त झालेले. १८८६ साली पेन्शन घेतल्यावर विश्रांती घ्यायची सोडून त्यांनी लेखणी हाती धरली, आणि अस्पृश्यतेला धर्माचा आधार काय, असे प्रश्न १८८८ साली छापून लोकांपुढे ठेवले. बंदुक खाली ठेवलेल्या या म्हाताऱ्यांनी कोकणात आपल्या समाजाला वाचायला, अर्ज लिहायला, जाब विचारायला शिकविले. रामजी त्याच मुशीतले. जोतीराव फुल्यांविषयी त्यांना आदर होता, घरात कबीरपंथ होता, दारूमांस वर्ज्य होते, आणि संध्याकाळी भजनाच्या वेळी सगळ्या मुलांनी हजर राहिलेच पाहिजे अशी शिस्त होती.

दापोलीहून ते साताऱ्यास नोकरीसाठी आले. तेथे १८९६ साली भीमाबाई वारल्या. ७ नोव्हेंबर १९०० रोजी सातारच्या सरकारी हायस्कुलात भिवाचे नाव इंग्रजी पहिलीत दाखल झाले. शाळेत बसायला गोणपाट घरून न्यायचे, आणि तहान लागली तर शिपाई वरून पाणी घालील तेव्हा प्यायचे. रामजींनी आयुष्यभर दुसऱ्यांच्या पोरांना वर्गात मांडीला मांडी लावून बसविले होते. स्वतःच्या पोराला गोणपाट काखेत देऊन शाळेत धाडताना त्यांना काय वाटले असेल, ते मला कादंबरीकार असूनही लिहिता यायचे नाही.

दुष्काळाच्या साली ते खटाव तालुक्यात तलावाच्या कामावर खजिनदार म्हणून गेले. १९०१ च्या उन्हाळ्यात मुले त्यांना भेटायला निघाली; नवे कपडे, जरीच्या टोप्या, आगगाडीचा प्रवास. मसूर स्टेशनावर कोणी न्यायला आले नाही, कारण गड्याने पत्राची वर्दीच दिली नव्हती. जात कळल्यावर गाडीवान मिळेना. दुप्पट भाडे देऊन मिळाला, तर गाडी मुलांनीच हाकायची आणि तो पायी चालणार. जवळ शिदोरी असून रात्रभर पाणी मिळाले नाही. बाबासाहेबांनी ही हकिकत पुढे स्वतःच लिहून ठेवली आहे.

रामजी देवमाणूस होते असे चित्र मला काढायचे नाही. त्यांनी दुसरे लग्न केले, आणि आईचे दागिने सावत्र आईच्या अंगावर पाहून भिवा बापावर रुसला. मुंबईच्या गिरणीत जाऊन पोट भरू, असे त्याने ठरविले. गाडीभाड्यासाठी आत्याच्या कमरेची पैशाची पिशवी पळवायची म्हणून तीनचार रात्री तो टपून होता. पिशवी हाती लागली तेव्हा तिच्यात निघाला अर्धा आणा! त्या अर्ध्या आण्याने त्याला शरमेने अभ्यासाला लावले. आत्याच्या गरिबीलाही कोणीतरी गुण दिले पाहिजेत.

१९०४ साली बिऱ्हाड मुंबईस परळच्या डबक चाळीत आले. एकच खोली. तिच्यात चूल, सरपण, भांडी, माणसे. उशाशी जाते आणि पायथ्याशी बकरी. एवढ्यात अभ्यास कोठे करणार? सुभेदारांनी तोड काढली ती पलटणीतल्या पहाऱ्याची. भिवाने संध्याकाळीच झोपायचे. म्हाताऱ्याने दोन वाजेपर्यंत जागायचे, मग पोराला उठवायचे आणि त्याने मोकळ्या केलेल्या जागेत स्वतः आडवे व्हायचे. एक उतरला की दुसरा चढला. मिणमिणत्या दिव्यापाशी मुलगा उजाडेपर्यंत वाचीत बसे. हॉवर्डची इंग्रजी पुस्तके आणि तर्खडकरांची भाषांतरमाला बापाने त्याच्याकडून आधीच घोटून घेतली होती, गणितही.

पुस्तके मात्र फुकट येत नव्हती. पोराने पुस्तक मागितले की सुभेदार आधी धाकट्या लेकीकडे जात. तिच्याजवळ पैसे नसले तर थोरलीकडे. तिच्याजवळही नसले तर तिचा एखादा दागिना घेऊन मारवाड्याकडे गहाण टाकीत, आणि पेन्शन आली की सोडवून आणून तिला देत. आनंदरावाने तर शाळा सोडून नोकरी धरली. दोघांना शिकविण्याचे बळ घरात नव्हते. एक निवडावा लागला. वर्गात कोणाकडे जास्त पाहायचे हा प्रश्न आम्हा मास्तरांना रोज पडतो, पण आमची निवड चाळीस मिनिटांची असते. आनंदरावाची जन्माची होती.

१९०७ साली भीमराव मॅट्रिक झाले : ७५० पैकी २८२ गुण. आजचे पालक हे ऐकून तोंड पाडतील. त्या चाळीत मात्र सभा भरली. सीताराम केशव बोले अध्यक्ष होते, आणि केळुसकर गुरुजींनी आपले बुद्धचरित्र मुलाला बक्षीस दिले. मी स्वतः मॅट्रिकच्या पुढे गेलो नाही. त्या रात्री सुभेदारांची छाती किती भरून आली असेल, एवढे मात्र मला कळू शकते.

१९१२ साली मुलगा बी. ए. झाला. बडोद्याच्या नोकरीस जाऊ नये असे बापाचे मत होते, तरी १९१३ च्या जानेवारीत तो गेलाच. थोड्याच दिवसांत वडील अत्यवस्थ असल्याची तार आली. परतताना सुरतेस गाडी थांबली तेव्हा बापासाठी मिठाई घ्यायला म्हणून भीमराव खाली उतरले, आणि गाडी सुटून गेली. दुसऱ्या दिवशी घरी पोचले तेव्हा म्हाताऱ्याचे डोळे दाराकडेच लागले होते. त्याने मुलाच्या पाठीवरून हात फिरविला. २ फेब्रुवारी १९१३ रोजी सुभेदार गेले. त्याच वर्षी मुलगा अमेरिकेस निघाला.

दहा वर्षांनी, १९२३ साली, लंडनमध्ये डॉ. आंबेडकरांचा रुपयाच्या प्रश्नावरचा मोठा ग्रंथ निघाला. अर्पणपत्रिकेत त्यांनी आईवडिलांचे स्मरण केले आहे. पुढची पाने आकड्यांनी भरलेली आहेत.