विश्वस्त मंडळ

विश्वस्त मंडळ म्हणजे सार्वजनिक न्यासाची मालमत्ता समाजाच्या वतीने सांभाळणारा आणि न्यासाच्या उद्देशानुसार तिचा विनियोग करणारा सदस्यसमूह होय. देवस्थाने, ग्रंथालये, शिक्षणसंस्था व समाजसेवी संस्था यांचा कारभार अशा मंडळांकडे असतो. विश्वस्त हा मालमत्तेचा मालक नसून राखणदार असतो. मात्र संस्थेचे दार कोणासाठी उघडावे, हे पुष्कळदा तोच ठरवत असल्याने सामाजिक परिवर्तनात त्याची भूमिका महत्त्वाची ठरते.

कायदेशीर स्वरूप

महाराष्ट्रातील न्यासांना १९५० चा सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियम लागू आहे. त्यानुसार न्यासाची नोंदणी, हिशेब व लेखापरीक्षण आवश्यक असते. विश्वस्त बदलल्यास ९० दिवसांत बदल अर्ज सादर करावा लागतो. स्थावर मालमत्ता विकण्यास धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते. गैरकारभार सिद्ध झाल्यास विश्वस्तास पदावरून दूर करता येते. सल्लागार समितीचे स्थान याहून वेगळे असते. ती मार्गदर्शन करते, परंतु कारभाराचे उत्तरदायित्व मंडळाकडेच राहते.

नाशिक जिल्ह्यातील उदाहरणे

नाशिकच्या काळाराम मंदिरात अस्पृश्यांना प्रवेश मिळावा, यासाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या नेतृत्वाखाली २ मार्च १९३० रोजी सत्याग्रह सुरू झाला. सत्याग्रह समितीचे चिटणीस भाऊराव उर्फ दादासाहेब गायकवाड होते. पहिल्या तुकडीत १२५ पुरुष व २५ स्त्रिया होत्या. मंदिराचे दरवाजे बंद ठेवण्यात आले. १९३५ पर्यंत चाललेल्या या लढ्यात मंदिर खुले झाले नाही. मात्र समितीच्या कामातून कार्यकर्त्यांची फळी उभी राहिली.

त्र्यंबकेश्वर मंदिराच्या गाभाऱ्यात स्त्रियांना परंपरेने प्रवेश नव्हता. १९५६ च्या मंदिरप्रवेशविषयक कायद्याच्या अंमलबजावणीचा प्रश्न २०१६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयापुढे आला. त्या सुमारास देवस्थानाच्या विश्वस्तांनी आधी पुरुषांचाही गाभाराप्रवेश बंद केला; त्यानंतर ओल्या सुती किंवा रेशमी वस्त्रांच्या अटीवर स्त्रियांना ठरावीक वेळेत प्रवेश दिला.

१८४० मध्ये स्थापन झालेल्या सार्वजनिक वाचनालयाची कार्यकारिणी सभासद मतदानाने निवडतात.

महत्त्व

नियुक्त विश्वस्तांवर कायद्याचा, तर निर्वाचित विश्वस्तांवर त्याबरोबर सभासदांचाही अंकुश असतो. ज्यांच्यासाठी संस्था स्थापन झाली, त्या वर्गाचे प्रतिनिधी मंडळात नसल्यास त्यांना आपली मागणी आंदोलन वा न्यायालय यांच्या मार्गाने मांडावी लागते, हे वरील दोन्ही मंदिरांच्या इतिहासातून दिसून येते.