सुटलेली शाळा आणि बेकार प्रौढ : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

शिक्षण म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे लहान मूल येते. परंतु ज्याची शाळा लहानपणीच सुटली, ज्याने वीस-पंचवीस वर्षे मागावर घालविली आणि ऐन चाळिशीत ज्याचे काम गेले, त्या बापाच्या शिक्षणाचा विचार आपण फारसा करीत नाही. अशा माणसाला पुन्हा शिकावेसे वाटले तर त्याच्या वाटेत कोणते अडसर येतात व ते कसे निर्माण झाले, हे प्रामुख्याने मुंबईच्या इतिहासावरून पाहण्याचा हा अल्पसा प्रयत्न आहे.

महाराष्ट्रात प्रौढशिक्षणाची परंपरा जुनी आहे. महात्मा जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनी १८५५ साली पुण्यात शेतकरी व मजुरांसाठी रात्रीची शाळा काढली. दिवसा राबणाऱ्याला सवड रात्रीच, हा त्यामागील साधा विचार. मुंबईच्या गिरणगावातील रात्रशाळा याच विचारावर उभ्या राहिल्या आणि त्यांनी अनेक कामगारांना मॅट्रिकपर्यंत पोहोचविले. मात्र या व्यवस्थेत एक गोष्ट गृहीत धरलेली होती. ती अशी की, शिकणाऱ्याला दिवसा काम आहे.

मुंबईत १९३९ च्या सुमारास साक्षरतेची मोठी मोहीम सुरू झाली. त्या काळात श्रीमती कुलसुम सयानी यांनी मुस्लिम स्त्रियांसाठी केलेले कार्य आपण विसरता कामा नये. पडद्यातील स्त्री वर्गात येणार नाही, हे ओळखून त्या स्वतः घरोघर फिरल्या. शिकलेले अक्षर वाचनावाचून पुसले जाते, म्हणून १९४० पासून त्यांनी ‘रहबर’ हे पाक्षिक सोप्या हिंदुस्थानीत चालविले. ते उर्दू, नागरी व गुजराती अशा तीन लिप्यांत निघे आणि सुमारे वीस वर्षे चालले. ज्याला शाळेपर्यंत येता येत नाही, त्याच्याकडे शाळेने जावे, हा धडा त्यांनी घालून दिला.

स्वातंत्र्यानंतर मौलाना आझाद शिक्षणमंत्री असताना ‘समाजशिक्षण’ ही व्यापक कल्पना पुढे आली. पुढे २ ऑक्टोबर १९७८ रोजी राष्ट्रीय प्रौढशिक्षण कार्यक्रम सुरू झाला. तो १५ ते ३५ या वयोगटातील निरक्षरांसाठी होता. त्यानंतर चारच वर्षांत, १८ जानेवारी १९८२ रोजी, मुंबईचा गिरणी संप सुरू झाला. दोन लाखांहून अधिक कामगार त्यात उतरले. हजारो कामगारांना पुन्हा कामावर घेतले गेले नाही. मदनपुऱ्यासारख्या वस्तीतील विणकर घराण्यांचाही गिरण्यांशी पिढ्यान् पिढ्या संबंध होता.

आता अशा कामगाराची अवस्था पाहा. वय चाळीस, म्हणून तो त्या कार्यक्रमाच्या वयोमर्यादेबाहेर. चौथी-पाचवी शिकलेला, म्हणून निरक्षरांच्या यादीबाहेर. रात्रशाळा होती; पण बेकाराचा दिवस रिकामा असतो हा आपला गैरसमज आहे. सकाळी नाक्यावर उभे राहायचे, मिळेल ती मजुरी करायची, रात्री पाळी मिळाली तर तिकडे धावायचे. मग नियमित हजेरी लागावी कशी? त्यात प्राथमिक शिक्षण उर्दूत झालेले आणि सरकारी अर्ज मराठीत. जुना दाखला हरवलेला. आणि सर्वांत मोठा अडसर संकोचाचा! मुलाच्या वयाच्या विद्यार्थ्यांशेजारी बाकावर बसायचे कसे?

सुदैवाने काही दारे उघडली. १९८९ मध्ये नाशिकला यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ आणि दिल्लीला राष्ट्रीय मुक्त विद्यालय स्थापन झाले. रोजच्या हजेरीची अट सैल झाली. दहावीला खाजगीरीत्या बसण्यासाठी आपल्या परीक्षा मंडळाचा १७ नंबरचा फॉर्म आहेच. २०२२ पासूनच्या नवभारत साक्षरता कार्यक्रमात १५ वर्षांपुढील सर्व निरक्षरांना स्थान आहे. पस्तिशीची भिंत त्यात नाही. तथापि अर्धवट शिकलेला माणूस तेथेही बाहेरच राहतो. त्याला या मुक्त वाटांचाच आधार. पण फॉर्म कोण भरून देणार? अडलेले गणित कोणाला विचारायचे? दाखल्याची दुय्यम प्रत मिळविण्यासाठी सोबत कोण जाणार? हे काम सरकारी परिपत्रकाने होत नाही. ते शेजाऱ्याने, शिक्षकाने, शिकलेल्या मुलाने करायचे असते.

पालकबंधुभगिनींनो, हजरत पैगंबरसाहेबांना (स.) पहिला संदेश मिळाला तो वाचनाविषयी, आणि तेव्हा त्यांचे वय चाळीस वर्षांचे होते. मग चाळिशीत पुस्तक हाती धरण्यात लाज कसली? शिक्षणसंस्थांनी आपला एखादा वर्ग आठवड्यातून दोन दिवस अशा प्रौढांसाठी खुला ठेवावा. हजेरीचा आग्रह नसावा, उर्दूतून मराठीकडे नेणारा शिक्षक असावा. आणि विद्यार्थिमित्रांनो, आपल्या वडिलांना किंवा चाचांना एकदा विचारा, त्यांची शाळा कोणत्या इयत्तेत सुटली? जेथे ती सुटली, तेथूनच पुढचे पान उघडायचे आहे.