वर्गणीदाराचा हिशेब

आमच्या अंबाजोगाईच्या वाचनालयात अनामत भरली की कादंबऱ्या भरपूर. संगणकाचं पुस्तक मागितलं की ग्रंथपाल नुसती मान हलवायचे. आमचा बीड जिल्हा 1948 पर्यंत निजामाकडे, नंतर हैदराबाद राज्यात होता. हैदराबाद राज्याचा ग्रंथालय कायदा 1955 चा, महाराष्ट्राचा 1967 चा. या कायद्यांमुळे मिळणाऱ्या अनुदानानं कपाटं वाढली, पण तांत्रिक पुस्तकांसाठी आम्ही औरंगाबाद-पुणेच गाठायचो. 2001 साली अमेरिकेत ओरायली आणि पिअर्सननं सफारी हे वर्गणीचं ऑनलाइन ग्रंथालय सुरू केलं. आज मीही घरबसल्या त्याचा वर्गणीदार आहे. डेटाबेसच्या नव्या आवृत्तीवरचं एखादं प्रकरण रात्री अकरालाही उघडतं, तेव्हा पैसे वसूल. मात्र वर्गणी थांबली की हाती काहीच उरत नाही. म्हणून गणिताची, अल्गोरिदमची पुस्तकं विकत घ्यावीत. वर्षा-दोन वर्षांत जुन्या होणाऱ्यांसाठीच वर्गणी भरावी.