बारव, नारू आणि आजीचा पाय

ज्यांना ऐकायला वेळ मिळाला नाही त्यांच्यासाठी हा भाग नेहमीप्रमाणे लिहून देतेय. बोलताना जे सुटलं, तेही इथे टाकलंय.

सुरुवात एका रीलपासून करू. मागच्या उन्हाळ्यात आम्ही चार-पाच जण छत्रपती संभाजीनगरहून जालन्याच्या बाजूला एका गावात बारव साफ करायला गेलो होतो. सध्या मराठवाड्यात हे काम जोरात चाललंय आणि चांगलंच चाललंय. गाळ निघतो, झुडपं निघतात, दगडी पायऱ्या मोकळ्या होतात. दिवसभर राबल्यावर मी खालच्या पायरीवर बसले, पाय पाण्यात सोडले आणि मैत्रिणीला म्हटलं, काढ व्हिडिओ. रात्री घरी येऊन तो आजीला दाखवला.

आजीने मोबाइल हातात घेतला, पाहिला आणि म्हणाली, “आगं, पाय कशाला सोडले पाण्यात? काढ ते बाहेर.” जणू मी अजून तिथेच बसलेली होते.

मग तिने लुगडं घोट्यावर घेतलं. डाव्या घोट्याच्या वर एक जुना, आत ओढला गेलेला वण आहे. लहानपणापासून बघतेय मी तो. मला वाटायचं भाजलं असेल. आजी म्हणाली, “मपल्या पायातून नारू निघाला व्हता. हातभर लांब. काडीला गुंडाळायचे, रोज थोडा थोडा. ओढला की तुटायचा. तुटला की लई सुजायचं.” ती तेव्हा पंधरा-सोळा वर्षांची होती. पेरणीच्या तोंडावर दोन महिने खाटेवर. आणि सासरी काय ऐकलं? की हिनेच काहीतरी ओलांडलं असणार, हिच्याच वागण्यात खोट.

तर आजचा भाग नारूवर आहे. आपल्याच मातीतून गेलेला हा परजीवी गेला कसा, ते बघायचंय. आणि गंमत म्हणजे, त्याच्यावर औषध आजही नाही!

आधी प्राणी ओळखून घेऊ. शास्त्रीय नाव ड्रॅकन्क्युलस मेडिनेन्सिस. हा गोल जंत. मादी सत्तर सेंटिमीटर ते एक मीटर लांब आणि जाडी शेवयीइतकी. नर अगदी छोटा, मिलन झालं की शरीराच्या आतच मरतो. मादी मात्र कातडीखालून सरकत सरकत बहुतेकदा पायापर्यंत येते. या सगळ्याला जवळपास एक वर्ष लागतं, आणि त्या वर्षभरात माणसाला काहीही कळत नाही. ना ताप, ना दुखणं.

एवढा मोठा जंत अंगात असून शरीराला पत्ता कसा लागत नाही, आणि तो जगतो कशावर? नारूच्या जवळच्या नात्यातल्या एका जंतावर 1950 साली प्रयोग छापून आले. रॅकून नावाच्या अमेरिकन प्राण्यात सापडणारा हा भाऊबंद ग्लुकोज घेतो आणि त्याचं लॅक्टिक ॲसिड करतो. ऑक्सिजन असला तरी, नसला तरी. आपण जोरात पळालो की स्नायूंत हेच होतं. म्हणजे या कुळाला जगायला ऑक्सिजनची फार पर्वा नाही. आपल्या रक्तातली साखर मिळाली की भागलं.

वर्षभराने मादीच्या पोटात लाखो अळ्या तयार असतात. मग कातडीवर फोड येतो. आग आग होते. माणूस काय करतो? पाय गार पाण्यात बुडवतो. आणि जंताला नेमकं तेच हवं असतं. पाणी लागलं की फोड फुटतो आणि मादी दुधासारखा पांढरा द्रव सोडते. त्यात त्या अळ्या.

आता बारव डोळ्यांसमोर आणा. पायऱ्या उतरून थेट पाण्यात. घागर भरायला बाई उतरते, घोटाभर पाण्यात उभी राहते. तिच्या पायाला फोड असेल तर अळ्या पाण्यात. पाण्यात सायक्लॉप्स नावाचा बारीक जीव असतो, एक-दोन मिलिमीटरचा, एकाच डोळ्याचा. तो अळी गिळतो. त्याच्या पोटात ती दोनेक आठवडे वाढते. मग तेच पाणी कुणीतरी पितं. उन्हाळ्यात पाणी तळाला गेलं की सायक्लॉप्स दाटीने होतात, आणि गाव नेमकं तेच पाणी पितं. वर्षभराने, पुन्हा उन्हाळ्यात, पेरणीच्या तोंडावर, पुढचा फोड.

आजीला पेरणीच्या वेळीच खाट का धरावी लागली, ते आता कळलं ना? तिने काही ओलांडलं नव्हतं. तिने आदल्या वर्षी घराला पाणी आणलं होतं, आणि तेच प्यायली होती.

हे कोडं सुटायला वेळ लागला. 1870 मध्ये अलेक्सेई फेदचेंको या रशियन शास्त्रज्ञाने मध्य आशियात अळ्या सायक्लॉप्समध्ये शिरताना पाहिल्या. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला रॉबर्ट लीपर या ब्रिटिश संशोधकाने एक साधा पण भारी प्रयोग केला. आपल्या पोटात असतं तितकं हायड्रोक्लोरिक ॲसिड त्याने अळीवाल्या सायक्लॉप्सवर टाकलं. सायक्लॉप्स मेला. अळी मात्र उलट चळवळायला लागली आणि बाहेर आली! म्हणजे बघा, जे ॲसिड आपल्याला जंतूंपासून वाचवतं, तेच या अळीला दार उघडून देतं.

यात आपला मराठी माणूसही आहे, आणि त्याचं नाव फारसं कुणी घेत नाही. मुंबईला परळच्या बॅक्टेरिऑलॉजिकल लॅबोरेटरीत, जिला पुढे हाफकिन इन्स्टिट्यूट नाव मिळालं, तिथे डॉ. डी. ए. तर्खड काम करत. इंग्रजी कागदांत त्यांचं आडनाव तुरखुड असं येतं. पहिल्या महायुद्धाच्या आधीच्या काळात त्यांनी स्वखुशीने तयार झालेल्या माणसांना अळीवाले सायक्लॉप्स पाजले आणि नारू पाण्यातूनच होतो हे माणसावरच दाखवून दिलं. आजच्या नियमांत हे बसणार नाही, पण उत्तर मिळालं. पुढे 1920 च्या दशकात याच परळमध्ये नील हॅमिल्टन फेअरली आणि ग्लेन लिस्टन या दोघांनी नारूमुळे शरीरात नेमकं काय बिघडतं, यावर बराच अभ्यास केला.

म्हणजे शंभर वर्षांपूर्वी रोग कसा होतो ते पक्कं माहीत होतं. मग माझी आजी त्यानंतर तीस-चाळीस वर्षांनी का आजारी पडली?

कारण माहीत असणं एक आणि गावात पाणी असणं दुसरं. औषधं शोधून झाली. जंतांवरची काही औषधं सूज कमी करतात, काडीवर नारू गुंडाळायला सोपं करतात. पण जंत मारणारं औषध मिळालं नाही. लस नाही. आणि एकदा होऊन गेला म्हणून पुढच्या वर्षी होणार नाही, असंही नाही. आजीच्या जावेला तीनदा झाला होता. मधल्या सगळ्या शतकांत इलाज एकच राहिला, काडी. इजिप्तमधल्या साडेतीन हजार वर्षांपूर्वीच्या वैद्यकीय पपायरसमध्ये याच इलाजाचं वर्णन आहे असं अभ्यासक मानतात. आजीने सांगितली तीच काडी.

मग नारू हरला कुठे? मंडळी, तो हरला आपल्या अंगाबाहेर. अळी फक्त सायक्लॉप्समध्ये असते तेवढ्या काळात तिच्यावर घाव घालता येतो. आणि त्या घावातली तीन हत्यारं समजून घेण्यासारखी आहेत.

पहिलं हत्यार फडकं. सायक्लॉप्स डोळ्याला जेमतेम दिसतो, पण दुहेरी फडक्यातून तो जात नाही. पाणी गाळलं की काम झालं. पैसे शून्य.

दुसरं टेमिफॉस. हे रसायन जंताला नाही, सायक्लॉप्सला मारतं. मज्जातंतूने स्नायूला निरोप दिला की तो निरोप पुसून टाकणारं एक एन्झाइम असतं, असिटिलकोलिनएस्टरेज. टेमिफॉस ते एन्झाइम जाम करतं. निरोप पुसलाच जात नाही, सायक्लॉप्स लुळा पडतो आणि मरतो. दहा लाख भाग पाण्यात एक भाग, इतकी मात्रा पुरते, आणि तेवढ्याने पाणी पिण्याजोगंच राहतं. ज्या जंताच्या अंगातलं रसायन आपल्याला जिंकता आलं नाही, त्याच्या वाहनाच्या अंगातलं जिंकलं. मला वाटतं, यात खरी हुशारी आहे.

तिसरं हत्यार आपल्या शेजारचं आहे. हापसा! 1960 च्या दशकातल्या दुष्काळात जालन्यात चर्च ऑफ स्कॉटलंडच्या मिशनने बोअर पाडायला सुरुवात केली. जालना तेव्हा औरंगाबाद जिल्ह्यातच होतं, वेगळा जिल्हा झाला 1981 मध्ये. बोअर खोल, आणि त्यावर बसवलेले बिडाचे पंप सारखे मोडायचे. एका घरासाठी बनवलेला दांडा अख्खं गाव दिवसभर हापसणार, मग काय होणार? म्हणून तिथे पोलादी, एकाच खिळीवर फिरणारा पंप घडवला गेला. लोक त्याला जालना पंप म्हणायला लागले. तीच कल्पना सोलापुरात ऑस्कर कार्लसन नावाच्या स्वीडिश मिशनऱ्याने सुधारली, तो सोलापूर पंप. युनिसेफ आणि भारत सरकारने 1970 च्या दशकात त्यावरूनच इंडिया मार्क टू बनवला. तो पुढे आफ्रिकेपर्यंत गेला. हापशाच्या पाण्यात कुणी पाय घालू शकत नाही, म्हणून तिथे नारूचं चक्र तुटतं. इतकं साधं आहे हे.

भारत सरकारचा नारू निर्मूलन कार्यक्रम 1983-84 मध्ये सुरू झाला. त्या वेळी सात राज्यांत मिळून वर्षाला सुमारे 40 हजार रोगी सापडत होते, आणि त्या राज्यांत महाराष्ट्र होता. घरोघरी शोध, रोगी कळवणाऱ्याला बक्षीस, फडकी, टेमिफॉस, हापसे, आणि पायऱ्यांच्या विहिरींचं रूपांतर रहाटाच्या विहिरींत. देशातला शेवटचा रोगी जुलै 1996 मध्ये राजस्थानात जोधपूर जिल्ह्यात सापडला. फेब्रुवारी 2000 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारताला नारूमुक्त जाहीर केलं. तुमच्यापैकी बरेच जण त्यानंतर जन्मलेले. म्हणून तुम्हाला नारू हा शब्दच माहीत नाही.

इथे गोष्ट संपली असती. पण आफ्रिकेतल्या चाड देशात दहा वर्षं एकही रोगी नव्हता, आणि 2010 मध्ये तो पुन्हा सापडला. मग 2012 पासून कुत्र्यांच्या अंगातून नारू निघायला लागले, माणसांपेक्षा कितीतरी जास्त. प्रश्न पडला, हा कुत्र्यांचा वेगळा जंत की आपलाच? डोळ्यांनी सांगता येत नाही, या कुळातल्या माद्या सारख्याच दिसतात. तेव्हा कामाला आला डीएनए. माणसांतून आणि कुत्र्यांतून काढलेल्या जंतांचे डीएनए शेजारी ठेवून तपासले. उत्तर आलं, जंत एकच, एकाच लोकसंख्येतला. म्हणजे नुसतं माणसांचं पाणी गाळून भागणार नाही. मग तिथे कुत्रे बांधून ठेवणं, माशांची आतडी उघड्यावर न टाकता पुरणं सुरू झालं. 2024 मध्ये जगभरात माणसांतले रोगी फक्त 15 होते. 1986 मध्ये ते अंदाजे 35 लाख होते.

देवीनंतर जगातून पूर्ण जाणारा माणसाचा दुसरा रोग बहुधा हाच ठरेल, आणि तोही औषधाशिवाय, लसीशिवाय.

आता परत आपल्या बारवेकडे. मी बारवा साफ करणं सोडणार नाही. पण आधी मला वाटायचं, आपल्या आधीच्या पिढीने एवढा सुंदर वारसा आळसाने बुजवला. सगळीकडे आळस नव्हता. काही पायऱ्या लोकांनी मुद्दाम बंद केल्या, कारण त्या पायऱ्यांवरून उतरणाऱ्या बायका दरवर्षी लंगडत होत्या. आता नारू इथे नाही, म्हणून त्या पायऱ्या आपण निर्धास्त उघडतोय. हे निर्धास्तपण कुणीतरी गावोगाव फिरून मिळवून दिलंय.

रेकॉर्डिंगआधी मी हे सगळं आजीला सांगितलं. सायक्लॉप्स, ॲसिड, फडकं, सगळं. ती शांतपणे ऐकत होती. मग विचारलं, “म्हंजी मी काही ओलांडलं नव्हतं?”

“नाही गं आजी. पाण्यात होतं ते.”

ती थोडा वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, “हे तुझ्या आजोबाच्या आईला सांगायला पायजे व्हतं.”

त्या आता नाहीत. म्हणून तुम्हाला सांगितलं. तुमच्या घरात कुणाच्या पायावर असा वण असेल तर एकदा विचारा, आणि काय कळलं ते मला व्हॉइस नोट करून पाठवा. भेटू पुढच्या भागात.