सनद कोणाची? लाँग आयलंड रेल्वेच्या कामगारांचा संपाचा हक्क व त्याची वंशावळ

इ. स. २००५ च्या डिसेंबर महिन्याच्या २० व्या तारखेस न्यूयॉर्क शहरांतील भुयारी रेल्वेच्या व बसगाड्यांच्या कामगारांनीं संप पुकारला. तो पुरते तीन दिवसहि टिकला नाहीं. पुढें न्यायालयानें त्यांच्या संघास २५ लक्ष डॉलर दंड केला, संघाच्या अध्यक्षास दहा दिवसांची कैद फर्माविली, आणि संपाच्या दर दिवसामागें दोन दिवसांचें वेतन कापण्याची कायद्यांतील शिक्षा कामगारांस भोगावी लागली. यानंतर नऊ वर्षांनीं, म्हणजे २०१४ च्या जुलैंत, त्याच शहराच्या पोटांतून निघून पूर्वेकडील बेटावर जाणाऱ्या लाँग आयलंड रेल्वेच्या कामगारांनीं संपाची तारीख उघडपणें जाहीर केली. त्यांस दंड झाला नाहीं कीं कैद झाली नाहीं. उलट राज्याचे गव्हर्नर स्वतः मध्यें पडले व संपाच्या तीन दिवस आधीं वेतनवाढीचा करार झाला.

या दोन्ही रेल्वेंचा धनी एकच, महानगर परिवहन प्राधिकरण. कामाची जातहि फारशी निराळी नाहीं. तरी एकास जें पाप तें दुसऱ्यास कायदेशीर कसें, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे. वतनाच्या तंट्यांत वतनदार चाकरी कशी करितो याची चौकशी मागाहून होते. त्याची सनद कोणाची व कोणत्या सालची, हें आधीं पाहतात. येथेंहि उत्तर रुळांवर सांपडत नाहीं, दप्तरांत सांपडतें.

लाँग आयलंड रेलरोड कंपनीस न्यूयॉर्क राज्याची सनद मिळाली ती २४ एप्रिल १८३४ रोजीं. मूळ हेतु रोजच्या उतारूंचा नव्हताच. बोस्टनला जाणारा प्रवासी बेटाच्या पूर्व टोंकापर्यंत आगगाडीनें न्यावा, तेथून बोटीनें सामुद्रधुनी ओलांडावी व पलीकडे पुन्हा गाडींत बसवावा, असा तो बेत होता. मुख्य भूमीवरून सरळ लोहमार्ग झाल्यावर तो बेत फसला, आणि कंपनीस बेटावरच्याच माणसांवर पोट भरणें प्राप्त झालें. १९०० सालीं पेनसिल्व्हेनिया रेल्वेनें ती ताब्यांत घेतली. १९१० सालीं ईस्ट नदीखालील बोगदे झाले व गाड्या थेट मॅनहॅटनमध्यें येऊं लागल्या. तेव्हांपासून हिचें नशीब सकाळीं शहरांत येणाऱ्या व सायंकाळीं परतणाऱ्या लोकांशीं बांधलें गेलें. अशा उतारूंस भाड्यांत सूट देऊन जें मुदतीचें तिकीट देत त्यास ‘कम्युटेशन’ तिकीट म्हणत, व त्यावरून ‘कम्युटर’ हा शब्द निघाला. आमच्या मुंबईच्या बोलींतला ‘पासवाला’ याच रीतीनें घडला आहे.

आतां दुसऱ्या सनदेकडे वळूं. १९१६ च्या उन्हाळ्यांत ड्रायव्हर, फायरमन, कंडक्टर व ट्रेनमन या चार रेल्वे-संघांनीं आठ तासांच्या दिवसाची मागणी केली, व तीहि दहा तासांच्या वेतनावर. ती न मिळाल्यास ४ सप्टेंबर रोजीं सर्व देशभर संप व्हावयाचा होता. अध्यक्ष विल्सन यांनीं काँग्रेसपुढें जाऊन कायदाच मागितला, आणि संपाची तारीख उजाडण्यापूर्वीं अ‍ॅडॅमसन यांच्या नांवाचा कायदा मंजूर झाला. एकहि गाडी न थांबतां, नुसत्या तारखेच्या धाकानें, आठ तासांचा दिवस कायद्यांत आला. संपाच्या इतिहासांत न झालेल्या संपाचें स्थान किती मोठें असतें याचें याहून चांगलें उदाहरण आम्हांस ठाऊक नाहीं.

उलट बाजूचें उदाहरण १९२२ चें. वेतनकपातीविरुद्ध सुमारें ४ लक्ष कारखानदारी कामगार १ जुलैपासून संपावर गेले. सप्टेंबरच्या आरंभीं सरकारनें न्यायालयाकडून असा कडक मनाई हुकूम मिळविला कीं, संपास उत्तेजन देणारा शब्द उच्चारणेंहि अवघड झालें. संप मोडला, पण त्या जयानें कंपन्यांनाहि स्वस्थता लाभली नाहीं. अखेर कंपन्या व संघ यांनीं एकत्र बसून एक मसुदा केला, आणि अध्यक्ष कूलिज यांच्या सहीनें २० मे १९२६ रोजीं त्याचा ‘रेल्वे लेबर अ‍ॅक्ट’ झाला. दोन्ही वाद्यांनीं मिळून लिहिलेला कायदा ही वस्तु कोणत्याहि देशांत विरळाच.

या कायद्याची खुबी अशी कीं, तो संपास मनाई करीत नाहीं. तो संपापर्यंतची वाट लांबवितो. वेतनाचा करारनामा मुदत भरली म्हणून मरत नाहीं. तो फक्त बदलण्यास मोकळा होतो, आणि नवा होईपर्यंत जुनाच चालतो. बदलाची इच्छा असणाऱ्यानें तीस दिवसांची लेखी सूचना द्यावी, मग वाटाघाट करावी, मग सरकारी मध्यस्थाकडे जावें. मध्यस्थीस मुदत नाहीं; ती वर्षानुवर्षेंहि चालते. मध्यस्थ थकले म्हणजे लवाद सुचवावयाचा. तो नाकारला गेला कीं आणखी तीस दिवस थांबावयाचें. त्यापुढें वाटल्यास अध्यक्षानें तातडीचें चौकशी-मंडळ नेमावें, आणि मग पुन्हा थांबावयाचें. एवढें सर्व झाल्यावर कामगार संपास मोकळा व मालक आपल्या अटी लादण्यास मोकळा. घाईचा राग थंड व्हावा हा यांतील हेतु. पण थांबण्याचा खर्च दोघांस सारखा पडत नाहीं, ही गोष्ट मसुदा करणाऱ्यांच्या ध्यानांत आली नसेल असें म्हणवत नाहीं. जुन्या दरानें वेतन देत राहणें मालकास जड नसतें. महागाईच्या काळांत तेंच वेतन घेत राहणें कामगारास जड जातें.

लाँग आयलंड रेल्वे १९२६ पासूनच या कायद्याखालीं आली. १९४९ सालीं ती दिवाळखोरींत गेली. १९५० सालीं दोन भीषण अपघात होऊन शंभरांवर उतारू मेले. आणि शेवटीं १९६६ च्या जानेवारींत न्यूयॉर्क राज्यानें तिचे भाग पेनसिल्व्हेनिया रेल्वेकडून साडेसहा कोटि डॉलरांस विकत घेतले. योगायोग असा कीं, त्याच महिन्याच्या आरंभीं शहरांतील भुयारी रेल्वे बारा दिवस संपानें बंद पडली होती. त्या संपाच्या धसक्यानें राज्यानें १९६७ सालीं नवा कायदा केला. समितीचे अध्यक्ष प्राध्यापक जॉर्ज टेलर यांच्यावरून तो टेलर कायदा म्हणून ओळखला जातो. राज्याच्या व त्यांतील संस्थांच्या कोणाहि नोकरानें संप करूं नये, असें त्यानें ठरविलें. २००५ सालचा दंड याच कायद्याचा.

लाँग आयलंड रेल्वे राज्यानें घेतली खरी, परंतु भाग विकत घेऊन घेतली. कंपनी जशीच्या तशी राहिली. कागदोपत्रीं ती खासगी भागभांडवलाची कंपनीच होती, आणि तिचे कामगार १९२६ च्या कायद्याचेच आश्रित राहिले. १९७२ च्या नोव्हेंबरअखेर सुरू झालेला त्यांचा संप जानेवारींत मिटला. त्या सात आठवड्यांत कोणी टेलर कायद्याचें नांव घेतलें नाहीं.

खरी झुंज पुढें झाली. १९७८ सालीं सुरू झालेल्या वाटाघाटी तेरा महिन्यांनीं निष्फळ ठरल्या. सर्व पायऱ्या संपल्या. डिसेंबर १९७९ मध्यें संप सुरू झाला, व अध्यक्ष कार्टर यांनीं मंडळ नेमून तो थांबविला. ही थांबण्याची मुदत भरत आली असतां, १९८० च्या फेब्रुवारींत, राज्यानें एक डाव टाकला. त्यानें कंपनीचें रूपच बदललें. खासगी कंपनी रद्द होऊन तिचें ‘लोकहितार्थ महामंडळ’ झालें. गाडी तीच, रूळ तेच, ड्रायव्हर तोच. पण आतां तो राज्याचा नोकर झाला व म्हणून टेलर कायद्याखालीं आला, असें राज्याचें म्हणणें. आपल्या दप्तरखान्यांत वतनाचें नांव पालटून हक्क बुडविण्याचे जे प्रकार नजरेस येतात त्यांच्याशीं ताडून पाहण्याजोगा हा मासला आहे.

जिल्हा न्यायालयानें संघाच्या बाजूनें निकाल दिला; वरिष्ठ न्यायालयानें तो फिरविला. संघराज्यानें घटक राज्यांच्या परंपरागत कारभारांत ढवळाढवळ करूं नये, असा एक सिद्धांत सर्वोच्च न्यायालयानेंच १९७६ सालीं मांडला होता, त्याचा राज्यानें आधार घेतला. २४ मार्च १९८२ रोजीं सर्वोच्च न्यायालयाचा निर्णय झाला. सरन्यायाधीश बर्गर यांनीं तो लिहिला व सर्व न्यायाधीश एकमत होते. रेल्वे चालविणें हें राज्यांचें परंपरागत काम नव्हे, तें मुळापासून खासगी कंपन्यांचें. राज्यानें ही रेल्वे घेतली ती संघराज्याचा कायदा तिला लागू आहे हें जाणून घेतली, आणि तेरा वर्षें निमूटपणें त्याखालीं चालविली. आतां नुसतें नांव पालटून तो कायदा टाळतां येणार नाहीं, असा निकालाचा मथितार्थ. १९७६ चा सिद्धांत १९८५ सालीं न्यायालयानें स्वतःच टाकून दिला, पण या निकालास त्यामुळें बाधा आली नाहीं.

म्हणजे भुयारी रेल्वेचा मोटरमन व लाँग आयलंड रेल्वेचा ड्रायव्हर यांतील भेद कामाचा नसून पूर्वजांचा आहे. एकाची रेल्वे शहराच्या कारभारांतून राज्याकडे आली, दुसऱ्याची खासगी रेल्वे कंपनींतून.

हा निकाल लागण्याच्या आदल्या वर्षीं, १९८१ सालीं, काँग्रेसनें उपनगरी रेल्वेंकरितां १९२६ च्या कायद्यास एक कलम जोडलें होतें. त्याप्रमाणें एक सोडून दोन मंडळें, प्रत्येकाचे १२० दिवस, मिळून २४० दिवस. दुसऱ्या मंडळापुढें दोन्ही पक्षांनीं आपला अखेरचा प्रस्ताव ठेवावा व मंडळानें त्यांतील अधिक वाजवी कोणता एवढेंच सांगावें. कामगारांनीं मालकाचा ‘वाजवी’ प्रस्ताव झुगारून संप केला तर त्यांचा बेकारीचा भत्ता बंद. कलम मोठें शहाणपणाचें दिसतें. परंतु १९८३ च्या वसंतांत तीन उपनगरी रेल्वे लागोपाठ बंद पडल्या. न्यू जर्सीची ३४ दिवस, मेट्रो-नॉर्थ सुमारें सहा आठवडे व फिलाडेल्फियाची १०८ दिवस. तिघीहि त्याच वर्षाच्या १ जानेवारीस कॉनरेलकडून नव्या मालकांकडे गेल्या होत्या. लाँग आयलंडवर १९८७ सालीं अकरा दिवसांचा संप काँग्रेसनें कायदा करून थांबविला, १९९४ चा दोन दिवसांतच मिटला.

२०१४ चें प्रकरण मात्र सविस्तर पाहण्याजोगें आहे. करार २०१० पासून लोंबकळत होता. दोन्ही मंडळांनीं सहा वर्षांत १७ टक्के वाढ योग्य ठरविली. प्राधिकरण तीच वाढ सात वर्षांवर पसरूं पाहत होतें. दुसऱ्या मंडळानें संघांचाच प्रस्ताव वाजवी म्हटला. २० जुलै ही संपाची तारीख. १७ जुलैस साडेसहा वर्षांवर तडजोड झाली, व कामगारांनीं आरोग्यविम्यासाठीं वेतनाचे २ टक्के देण्याचें प्रथमच मान्य केलें. त्याच वर्षींच्या एप्रिलांत भुयारी रेल्वेच्या संघाशीं प्राधिकरणानें केलेल्या करारांत पांच वर्षांत ८ टक्के वाढ होती. दोन्ही करारांतील इतर कलमें सारखीं नाहींत, म्हणून सारेंच अंतर सनदेच्या पदरीं घालणें धाडसाचें होईल. परंतु एका संघाच्या हातीं तारीख होती व दुसऱ्याच्या हातीं नव्हती, हें विसरून या आंकड्यांचा अर्थ लागत नाहीं. तारखेचा धाक पासवाल्यासहि पडतो, हेंहि खरें. कचेरींतला मनुष्य चार दिवस घरीं राहूं शकतो. रोजंदारीवर शहरांत येणाऱ्याचा रोज बुडतो.

संग्राहकांस येथें एक गोष्ट सांगावीशी वाटते. न झालेला संप मागें अवशेष ठेवीत नाहीं. ठेवतो ते फक्त कागद. चौकशी-मंडळांचे अहवाल आपल्याकडील महजरांच्या तोडीचे असतात: उभय पक्षांचें म्हणणें, वेतनाचे तुलनात्मक कोष्टक व शेवटीं निवाडा. हे अहवाल सरकार जपतें. पण स्टेशनावर चिकटविलेल्या सूचना, संघांचीं हस्तपत्रकें व मतदानाच्या चिठ्या तडजोड होतांच केरांत जातात. इकडेहि हाच प्रकार आहे. १८९९ च्या मे महिन्यांत जी. आय. पी. रेल्वेच्या सिग्नलरांनीं वेतन व कामाचे तास यांवरून संप केला. केसरी व मराठा या पत्रांनीं महिनोन्‌महिने त्यांची बाजू मांडली, म्हणून तो आज ठाऊक आहे. १९२९ च्या ट्रेड डिस्प्यूट्स अ‍ॅक्टानें सार्वजनिक उपयोगाच्या धंद्यांत संपापूर्वीं चौदा दिवसांची लेखी सूचना आवश्यक केली, आणि रेल्वेसहि तें कलम लावण्याची तजवीज त्यांत होती. तशा सूचनापत्रांच्या प्रती जुन्या रेल्वे-नोकरांच्या घरच्या ट्रंकांतून निघाल्यास त्या रद्दीवाल्याकडे जाऊं देऊं नयेत.

सनदेचा हा वाद अद्याप जुना झालेला नाहीं. १६ मे २०२५ रोजीं न्यू जर्सीच्या सुमारें ४५० ड्रायव्हरांनीं संप केला. १९८३ नंतर तेथें झालेला हा पहिलाच संप. आपण ज्या पेन स्टेशनांत गाडी आणतों तेथेंच येणाऱ्या लाँग आयलंडच्या ड्रायव्हरास आपल्याहून अधिक दर मिळतो, ही त्यांची तक्रार. आपल्याच पुढाऱ्यांनीं केलेला आधींचा करार त्यांनीं एप्रिलांत ८७ टक्के मतांनीं फेटाळला होता. १८ तारखेस तडजोड झाली व २० तारखेस गाड्या सुरू झाल्या. त्याच वर्षाच्या सप्टेंबरांत लाँग आयलंडच्या पांच संघांनीं १८ तारीख संपासाठीं मुक्रर केली. परंतु ती येण्यापूर्वीं त्यांनीं स्वतःच अध्यक्षांकडे चौकशी-मंडळ मागितलें. मंडळ नेमलें गेलें, आणि १९८१ च्या कलमांतील २४० दिवसांची मोजणी सुरू झाली.