मनगटाची बांधणी

वाईपासून मिरजेपर्यंतच्या कृष्णाकाठच्या मुलखात, चिंचेच्या फांदीवरून कोसळताना अथवा तालमीच्या हौद्यात पडताना हात टेकून मनगट मोडून घेतलेले पोर पूर्वी प्रथम नेले जाई ते हाडवैद्याकडे. आणि हा हाडवैद्य पुष्कळदा तालमीचा वस्तादच असे. बोटांनी हाड चाचपावे, ओढ देऊन ते जागी बसवावे, कांडवेलीचा लेप देऊन कळकाच्या कामट्या बांधाव्या, ही वहिवाट पिढीजात होती आणि तिला निव्वळ अडाणीपणा म्हणणे अन्यायाचे होईल.

कारण तिचे मूळ प्राचीन आहे. सुश्रुतसंहितेच्या चिकित्सास्थानातील तिसरा अध्याय भग्नचिकित्सेला वाहिलेला असून, वड, उंबर, पिंपळ, पळस, अर्जुन यांच्या साली व वेळू यांचा आधार द्यावा, थंडीत 7, समशीतोष्ण काळी 5 आणि उन्हाळ्यात 3 दिवसांनी बंध सोडून पुन्हा बांधावा, असे तो सांगतो. बालवयात हाड एका महिन्यात सांधते, मध्यम वयात दुप्पट आणि उतारवयात तिप्पट काळ लागतो, हेही तो नोंदवतो. सैल बंधाने सांधा स्थिरावत नाही आणि अतिगाढ बंधाने सूज, वेदना व पाक होतो, हा त्याचा इशारा मात्र कामटीबरोबर प्रत्येक हातात उतरला नाही. आवळलेल्या पट्टीखाली रक्तप्रवाह खुंटला की स्नायू मरतात आणि बोटे कायमची आखडतात. जर्मन शल्यविशारद फोल्कमान यांनी 1881 मध्ये वर्णिलेली विकृती ती हीच.

1889 साली हिंदुस्थानात आलेल्या डॉ. विल्यम वॉनलेस यांनी मिरज संस्थानात 1892 मध्ये दवाखाना आणि 1894 मध्ये रुग्णालय उघडले. पुढच्याच वर्षी राँटगेन यांना क्ष-किरणांचा शोध लागला, आणि जे हाड शतकानुशतके केवळ चाचपले जात होते ते कालांतराने डोळ्यांना दिसू लागले. कामटीची जागा 1852 पासून प्रचारात आलेल्या प्लॅस्टरने घेतली खरी. पण सुजेवर चढवलेले घट्ट प्लॅस्टरही घट्ट कामटीइतकेच घातक असते.

आज शास्त्र पुन्हा मृदू बंधाकडे वळले आहे. मनगटाजवळचे हाड न तुटता नुसते एका बाजूने चेपून फुगले असेल, तर साध्या मऊ पट्टीनेही ताठ पट्टीइतकाच आराम पडतो, असे 965 मुलांवर झालेल्या आणि 2022 मध्ये प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधील परीक्षणाने दाखविले. परंतु मोड तेवढीच आहे की वाढीच्या कूर्चेलाही इजा पोहोचली आहे, याचा निवाडा नुसत्या बोटांनी होत नाही. म्हणून क्ष-किरण तपासणी आधी, बंध नंतर.

कामटी असो वा प्लॅस्टर, बांधलेल्या हाताची बोटे थंड, निळसर वा बधिर झाली, अथवा ती सरळ करताना पोर कळवळू लागले, तर उजाडण्याची वाट न पाहता त्याच रात्री त्याला रुग्णालयात न्यावे.